गाडीला बार टाकण्याआधी ती कुठे हलते ते मोजा

साताऱ्याच्या एका तरुणाने विचारलं आहे. थोडक्यात प्रश्न असा: "दादा, माझी २०१६ ची अबार्थ पुंटो आहे, ७२,००० किलोमीटर झालेत. आधीच्या मालकाने गाडी तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्यात. यवतेश्वर घाट चढून कासकडे जाताना वळणाच्या मध्यात गाडी एकदा बसते आणि मग पुन्हा थोडी सरकते, स्टिअरिंग सैल पडल्यासारखं वाटतं. डॅशबोर्ड आणि डिकी करकरतात. एका दुकानाने पाच ब्रेसचा सेट सांगितलाय: पुढचा स्ट्रट बार, पुढचा लोअर ब्रेस, फेंडरच्या आतल्या पट्ट्या, मागचा स्ट्रट बार आणि मागचा खालचा बार. फिटिंगसह पंचेचाळीस हजार. शिवाय सीम वेल्डिंग आणि अर्धा रोल केज करून घेऊ का? गाडी रोजच्या वापरातली आहे, वर्षातून एखाद्या ट्रॅक डेला न्यायचा विचार आहे."

मी सांगलीत कुपवाड एमआयडीसीत सस्पेन्शन आणि फॅब्रिकेशनचं काम करतो, पंचवीसेक वर्षं झाली. तुम्ही नुसतं "कुठला ब्रँड घेऊ" असं न विचारता गाडी काय करते ते लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. ब्रेस किंवा बार म्हणजे बॉडीच्या दोन जागांमध्ये घातलेला आधार. हा सेट आत्ता घेऊ नका. गाडीच्या खालून लागणारा पुढचा लोअर ब्रेस बहुतेक उपयोगी पडेल, बोनेटखालचा वरचा स्ट्रट बार मोजल्यावर ठरवा, मागचे दोन्ही बार आणि फेंडरच्या पट्ट्या सोडून द्या. सीम वेल्डिंग नको. केज, म्हणजे गाडीच्या आत बसवायचा नळ्यांचा पिंजरा, तर रोजच्या गाडीत अजिबात नको. आणि या सगळ्याच्या आधी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन खालून नीट बघा, कारण तुम्ही सांगितलेली लक्षणं बॉडी वाकल्याची कमी आणि जोड सैल झाल्याची जास्त आहेत.

"एकदा बसते आणि मग पुन्हा सरकते" हे तुमचे शब्द महत्त्वाचे आहेत. पत्रा वाकतो तेव्हा तो सलग वाकतो, जोर वाढेल तसा थोडा थोडा. दोन टप्प्यांत हालचाल होते तेव्हा कुठेतरी फट असते: आधी फट भरते, मग खरा जोर लागतो. पुंटोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा दांडा, आणि खाली सबफ्रेमला (बॉडीला बोल्ट केलेल्या वेगळ्या चौकटीला) धरलेला लोअर आर्म. ७२,००० किलोमीटर आपल्या रस्त्यांवर, त्यात कडक स्प्रिंगा, म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) तपासल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. चाक मोकळं लटकवा, बुशाशेजारी टॉमी (छोटी पहार) घालून हलकेच उचकून बघा. चांगलं बुश दाबलं की दबतं आणि सोडलं की परत येतं. फाटलेल्याच्या रबरात चंद्रकोरीसारखी चीर उघडते आणि आर्म टक् करून दुसऱ्या बाजूला जातो.

त्यानंतर सबफ्रेमचे बोल्ट. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी सबफ्रेम कधी खाली काढली होती का, हे आधीच्या मालकाला विचारा. विचारता आलं नाही तर गाडीच सांगते. बोल्टच्या वॉशरभोवती टॉर्च मारा. सगळीकडे सारखीच धूळ आणि काळपटपणा असेल तर ठीक. वॉशरच्या एका बाजूला घासून चकचकीत झालेली बारीक कोर दिसली, तर सबफ्रेम तिथे सरकते आहे. नखाएवढीही नसते ती कोर, पण मी अशा गाड्या पाहिल्यात जिथे मालकाने दोन बार टाकले होते आणि आजार त्या चकचकीत कोरेत होता. बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळला की गाडी सुधारली. बार काढून ठेवले तरी फरक पडला नाही.

तिसरं, स्ट्रटचं वरचं माउंट. गाडी जमिनीवर असताना कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून माउंटवर हात ठेवा. खडखड किंवा अडकून सुटल्याचा झटका हाताला लागला, तर माउंटचं बेअरिंग गेलंय. मेलेल्या माउंटवर स्ट्रट बार टाकणं म्हणजे डुगडुगत्या खाटेचे पाय न ठोकता वर नवी गादी घालणं.

करकरीचं थोडक्यात सांगतो. डॅशबोर्डची करकर बहुतेक वेळा प्लास्टिकच्या क्लिपांची असते. ब्रेसने ती जाईल असं कुणी सांगितलं तर त्यावर पैसे लावू नका. डिकीसाठी एक सोपी चाचणी: लॉक अडकतं त्या लोखंडी कडीवर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा, पार्सल ट्रे काढून घरी ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. आवाज गेला तर कडी थोडी आत घ्यायची आणि दाराचे रबरी ठोकळे बदलायचे. खर्च काही शेकड्यांत.

आता मूळ मुद्द्याकडे. गाडीची बॉडी कडक म्हणजे नेमकं काय, हे समजलं की कुठला बार कामाचा आणि कुठला शोभेचा हे तुम्हालाच ओळखता येईल.

भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढा, त्याची सुरळी करा. शिवण मोकळी ठेवून दोन्ही हातांनी पिळा. काही जोर न लावता पिळली जाते, कडा एकमेकांवरून सरकतात. आता शिवणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. तोच कागद, तेवढंच वजन, पण हाताला एकदम वेगळा लागतो. हिशोबात मांडायचं तर २५ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची लोखंडी नळी लांबीभर चिरली तर पिळाच्या बाबतीत ती चारशेपटीहून जास्त मऊ पडते. धातू तितकाच राहिला, फक्त बंद वाट उघडी झाली.

मोनोकॉक बॉडीचा, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या एकसंध पत्र्याच्या बॉडीचा, सगळा कडकपणा या बंद वाटांवर उभा आहे: दाराखालचे सिल, मधला बोगदा, खांब, छताच्या कडा, चिकटवलेली पुढची काच. पेटी जितकी बंद तितकी कडक. म्हणून छप्पर नसलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. माझदाची एमएक्स-५ १९८९ साली आली तेव्हा त्यांनी गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत अॅल्युमिनियमची लांब चौकट घातली, पॉवर प्लांट फ्रेम नावाची, म्हणजे इंजिनापासून मागच्या अॅक्सलपर्यंत सगळा भाग एकजीव राहावा. लोटसने १९९६ च्या एलिसमध्ये वेल्डिंगच टाळलं, अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून ६८ किलोची चासी केली. तुमच्याकडे उघडी टू-सीटर असती तर मी खालून घालायच्या एक्स ब्रेसवर पानभर लिहिलं असतं, कारण छपराची गेलेली वाट थोडी तरी जमिनीकडून भरून काढावी लागते.

पण तुमची गाडी बंद हॅचबॅक आहे. अशा गाडीची पूर्ण बॉडी पिळायला लागणारा जोर सस्पेन्शनच्या रोल स्टिफनेसच्या (वळणात झुकायला ते करतं त्या विरोधाच्या) कितीतरी पट असतो. हिशोबाला सोपं म्हणून दहापट धरा. बॉडी आणि सस्पेन्शन या एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा समजा. सस्पेन्शन १, बॉडी १०, तर दोघांचा मिळून कडकपणा ०.९१ येतो. आता हजारो रुपये खर्चून बॉडी दहा टक्के कडक केली, १० ची ११ झाली. मिळून आकडा येतो ०.९२ च्या जरा आत. एकूण फायदा एक टक्काही नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला तो कळणार नाही, टायरमध्ये दोन पीएसआय हवा कमी-जास्त असली तर तो फरक याहून जास्त जाणवतो.

मग ब्रेस टाकल्यावर काही गाड्यांमध्ये खरोखर फरक का पडतो? पडतो, मी स्वतः अनुभवलाय. कारण पूर्ण बॉडी कडक असली तरी सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय तो भाग स्थानिक पातळीवर हलतो. स्ट्रटचा माथा जिथे बसतो तो पातळ पत्र्याचा टॉवर, चार बोल्टवर लटकलेली सबफ्रेम, आर्मचा कान. हालचाल मिलिमीटरमध्ये असते पण ती थेट चाकाच्या कोनात उतरते. ब्रेस तिथेच काम करतो. दोन जागांमधली हालचाल अडवतो, बस्स. म्हणून "एकूण किती लोखंड घातलं" हा प्रश्नच गैरलागू आहे. कुठल्या दोन जागा एकमेकांपासून सरकतात, तेवढंच शोधायचं.

मॅकफर्सनमध्ये त्या जागा कुठे आहेत? वळणात बाहेरच्या चाकाला रस्ता आतल्या बाजूला ढकलतो. तो जोर १०० धरा. जमिनीपासून खालचा बॉल जॉइंट १८० मिलिमीटर वर आणि तिथून टॉवरचा माथा ६०० मिलिमीटर वर, असं साधारण माप घ्या. तरफेचा साधा हिशोब केला तर टॉवरच्या माथ्यावर आडवा जोर येतो ३० आणि लोअर आर्मवर येतो १३०. म्हणजे खाली वरच्या चौपटीहून जास्त. प्रत्यक्षात उभ्या वजनामुळे यात कमी-जास्त होतं, पण तराजू कुठे झुकतो ते बदलत नाही.

परिणामही सारखे नसतात. टॉवरचा माथा एक मिलिमीटर सरकला तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अंशाच्या दहाव्या भागाने बदलतो. खाली बॉल जॉइंट एक मिलिमीटर आत सरकला आणि स्टिअरिंग रॅक व टाय रॉड जागच्या जागी राहिले, तर चाक वळतं. स्टिअरिंग आर्म १२० मिलिमीटरचा धरला तर ते वळणं जवळपास अर्धा अंश. तुम्ही स्टिअरिंग हलवलं नाही आणि चाक अर्धा अंश फिरलं! यवतेश्वरच्या वळणात तुम्हाला जे सैल वाटतंय ते हे आहे. म्हणून माझं मत ठाम आहे की आपल्या घाटात पुढचा लोअर ब्रेस आधी, बोनेट उघडल्यावर दिसणारा रंगीत बार नंतर. दिसतो म्हणून तो जास्त खपतो. खालचा कुणाला दाखवता येत नाही.

वरच्या बारबद्दल दोन गोष्टी विकत घेताना लक्षात ठेवा. एक, बार सरळ हवा. इंजिनावरून कमान करून जाणारे बार दिसायला देखणे असतात, पण दोन टॉवर एकमेकांकडे येताना सरळ नळी दाबली जाते आणि कमानीची नळी वाकते. वाकवणं सोपं असतं. मी एकदा मुलांना शिकवताना हिशोब मांडून दाखवला होता: २५ मिलिमीटर व्यास, २ मिलिमीटर जाडी, एक मीटर लांबीची सरळ लोखंडी नळी २०० किलोच्या जोराने ०.०७ मिलिमीटर आखडते. तीच नळी जवळपास पूर्ण लांबीभर ६० मिलिमीटर वर उचलून घेतली आणि टोकं बिजागरीसारखी मोकळी असली तर तेवढ्याच जोराने टोकं साडेतीन मिलिमीटर जवळ येतात. पन्नासपट मऊ. तुमच्या इंजिनावरून सरळ बार जात नसेल आणि कमानीचाच घ्यावा लागत असेल, तर नळी जाड हवी आणि टोकाच्या पट्ट्यांना पूर्ण वेल्ड केलेली हवी. टोकाला एकेका बोल्टवर झुलणारी नको.

दुसरी गोष्ट, "हाय टेन्साइल" या शब्दावर जास्त पैसे देऊ नका. मऊ पोलाद असो की महागडं मिश्रधातूचं, लवचिकतेचा आकडा दोघांचा सारखाच, साधारण २०० गिगापास्कल. ताकदवान पोलाद उशिरा तुटतं, पण वाकतं तितकंच. अॅल्युमिनियमचा आकडा ७० च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा अॅल्युमिनियम बार तीनपट मऊ. अॅल्युमिनियम वाईट नाही, पण त्याची नळी मोठ्या व्यासाची हवी.

आता मोजमाप. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी करायला लावतो, कारण बार लागणार की नाही ते यातून कळतं आणि खर्च जवळपास शून्य आहे. दोन नळ्या घ्या, एकीत दुसरी अलगद सरकेल अशा, डगमगणार नाहीत इतक्या नेमक्या. एक डाव्या टॉवरच्या स्टडला, दुसरी उजव्या, छोट्या पट्ट्यांनी बोल्ट करा. आतल्या नळीवर मार्किंग ब्लू लावून वाळवा. बाहेरच्या नळीला एक स्क्रायबर (रेघ ओढणारी टोकदार सुई) बसवा, हलक्या स्प्रिंगने टोक निळ्या रंगावर टेकेल असा. हा बार नाही, दोन टॉवर एकमेकांपासून किती हलतात ते लिहून ठेवणारी पाटी आहे. बोनेट बंद करून नेहमीच्या घाटात नेहमीच्या वेगाने जा, वर थांबा, परत या. बोनेट उघडल्यावर निळ्यावर एक चमकती बारीक रेघ दिसेल. तिची लांबी व्हर्नियरने मोजा. तेवढी एकूण हालचाल.

रेघ पाव मिलिमीटरच्या आत असेल तर वरचा बार घेऊ नका, तुमचे टॉवर उत्तम आहेत. पाऊण मिलिमीटरच्या वर गेली तर घ्या, फरक जाणवेल. मधे असेल तर तुमच्या खिशावर सोडतो. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत. एक लक्षात घ्या, खड्ड्यात गाडी आपटली तर रेघ एकदम लांब होते. म्हणून चांगल्या रस्त्याच्या वळणांत वेगळी फेरी आणि खराब रस्त्यावर वेगळी फेरी मारा. खराब रस्त्यावरचीच रेघ लांब येत असेल तर दोष टॉवरचा कमी आणि त्या खाली बसवलेल्या स्प्रिंगांचा जास्त. प्रवास कमी झाल्याने स्ट्रट बंप स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरावर) आपटतो आणि सगळा मार थेट पत्र्यावर जातो.

त्या स्प्रिंगांबद्दल मला काळजी वाटते, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. मॅकफर्सनची गाडी खाली केली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो. मग गाडी झुकताना आर्म चाकाला हवा तो कॅम्बर देत नाही, उलट काढून घेतो, आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जातं. कडक स्प्रिंगमुळे मिळवलेलं बरंचसं इथे गमावलं जातं. गाडी सपाट फरशीवर ठेवून आर्म बघा. बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर दिसलं तर मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत टाका. कुठल्याही बारापेक्षा हा बदल जास्त देईल, आणि पसरणी घाटात वाईहून पाचगणीला चढताना प्रवासीही शिव्या देणार नाहीत.

लोअर ब्रेसची अडचण एकच, पण मोठी आहे. तो खाली लटकतो. २००८ च्या सुमाराला मी माझ्या स्वतःच्या गाडीला लोअर ब्रेस केला होता, चौकोनी नळीचा, भक्कम. सबफ्रेमच्या मागच्या दोन बोल्टांत आणि पुढे बॉडीतल्या आतून वेल्ड केलेल्या नटांत धरला. गाडी वळणात फार छान झाली होती, मी खूश होतो. महिन्याभरात रात्री आष्ट्याजवळ रंग उडालेला स्पीडब्रेकर दिसला नाही. ब्रेस घासला नाही, अडकला. नळीला काहीसुद्धा झालं नाही. पुढचा डावा नट पत्र्यासकट उपटून आला. तो नट बंद पेटीच्या आत होता. खिडकी कापून, नवा नट वेल्ड करून, झिंक प्रायमर मारून बंद करायला मला दोन दिवस लागले, आणि ती जागा पुन्हा पहिल्यासारखी झाली असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हापासून मी सबफ्रेमच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा खाली येणारा ब्रेस कुणालाच लावून देत नाही. शिवाय नळीऐवजी चपटी पट्टी किंवा उथळ दाबलेला पत्रा वापरतो आणि पुढची कड जिभेसारखी वर वळवतो, म्हणजे लागलंच तर घसरून जाईल. तुमची गाडी आधीच तीस मिलिमीटर खाली आहे. मेढ्याच्या किंवा ठोसेघरच्या रस्त्याला तुम्ही नक्की जात असणार. स्प्रिंगा मूळ उंचीच्या होईपर्यंत लोअर ब्रेस लावूच नका.

मागचं लवकर आटोपतो. पुंटोला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे पिळली जाणारी आडवी तुळई. डावं आणि उजवं चाक ती बीमच जोडते, आणि बीम दोन मोठ्या बुशांतून बॉडीला धरलेली असते. वळणातला आडवा जोर त्या बुशांतून जातो, शॉकअपच्या माथ्यावर फारसा येतच नाही. म्हणून मागचा वरचा बार डिकीची जागा खातो आणि बदल्यात विशेष काही देत नाही. डिकीचं भोक मोठं असल्याने तिथे थोडी करकर कमी होईल हे खरं, पण त्यासाठी वर सांगितलेलं कापड आधी. मागचा खालचा बार सेटमधल्या फोटोत बीमलाच बोल्ट केलेला दिसतो. तो ब्रेस नाही, गाडीचं झुकणं अडवणाऱ्या अँटीरोल बारसारखं काम करतो. मागची बाजू वळणात जास्त लवकर सरकवेल. कोरड्या ट्रॅकवर मजा आहे. जुलैत कासच्या ओल्या, शेवाळलेल्या कडांवर मला ती गाडी चालवायला आवडणार नाही. फेंडरच्या पट्ट्या दाराच्या बिजागरीचा खांब आणि टॉवर यांच्यामध्ये तिरप्या बसतात. कल्पना चांगली आहे, तिरपा आधार नेहमीच कामाचा. पण चिखल आणि पाणी तिथेच साठतं आणि सेटमधल्या पट्ट्या दोन-तीन मिलिमीटर पत्र्याच्या असतात. मोजून गरज दिसली तरच.

सीम वेल्डिंगबद्दल. कारखान्यात बॉडीचे पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. दोन स्पॉटच्या मधली कड मोकळी असते, ती टाक्याटाक्याने वेल्ड केली की जोड कडक होतो हे खरंच. ऑटोक्रॉसच्या गाड्यांना आम्ही ते करतो, पण तेव्हा गाडी पूर्ण उघडी असते: काच, वायरिंग, गालिचे, पेट्रोलची टाकी सगळं बाहेर. सील काढून पत्रा उजळवतो, इंचभर टाका, इंचभर जागा, गरम होऊ न देता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तरीही आतल्या बाजूचा झिंकचा थर जळतोच आणि तिथून गंज सुरू होतो. रेसची गाडी तीन-चार सीझन जगते, तिला चालतं. तुमची गाडी महाबळेश्वरच्या पावसात जाणारी आहे. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांच्या खांबांत आणि सिलमध्ये बोरॉन पोलाद असतं, दाबतानाच कडक केलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्याच शेजारी मऊ पट्टा तयार होतो. अपघातात तो खांब ज्या कामासाठी आहे, नेमकं तेच तो करणार नाही.

अर्धा रोल केज आणि रस्त्यावरची गाडी हे तर मी हात जोडून नको म्हणतो. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत मुख्य कमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरच्या कोल्ड ड्रॉन सीमलेस नळीची लागते. ती नळी हेल्मेट, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस आणि बकेट सीट यांच्यासोबत विचार करून ठरवलेली आहे. साध्या पट्ट्यात, हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचं डोकं बाजूच्या धडकेत कुठे जातं, हे स्वतः सीटवर बसून हाताने मोजून बघा. मागे तुमची आई किंवा भाचा बसणार असेल तर मोजायचीही गरज नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ मापदंडांशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. कापणं, वेल्ड करणं, केज घालणं यात तुम्ही सरळ अडकता. मूळ भोकांत बोल्ट होणारा ब्रेस काढता-घालता येतो, पण तोही विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने बघण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

लावायची वेळ आली तर पद्धत अशी. गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर. जॅकवर असताना बार कधीच आवळू नका, बॉडी ज्या पिळात आहे त्या पिळात तो तिला धरून ठेवेल. मधे टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा जोड) असलेला बार मिळाला तर तो फिरवून टॉवर ताणू किंवा दाबू नका, कॅम्बर बिघडतो. बोल्टची भोकं हाताने जुळली पाहिजेत. हातोडी लागत असेल तर बार चुकीचा आहे किंवा गाडी कधीतरी ठोकलेली आहे. पट्टी आणि टॉवर जिथे भिडतात तिथला पावडर कोटिंगचा थर खरवडून काढा आणि उघड्या धातूला पातळ प्रायमर द्या. जाड रंग दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल पडत जातो. पट्टीच्या जाडीमुळे स्टडचे आटे कमी पडत नाहीत ना ते बघा, नटाबाहेर किमान दोन आटे दिसलेच पाहिजेत. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवीन. मग व्हील अलाइनमेंट.

तुमच्या पंचेचाळीस हजारांतून मी असा क्रम लावला असता: लोअर आर्मचे बुश आणि गरज असेल तर वरची माउंट, सबफ्रेमचे बोल्ट टॉर्कने, मूळ उंचीच्या स्प्रिंगा, अलाइनमेंट. इथे थांबून पंधरा दिवस गाडी चालवायची. मग निळ्या रंगाची नळी लावून यवतेश्वरची फेरी. आलेली रेघ व्हर्नियरने मोजून मला कळवा, चांगल्या रस्त्याची आणि खड्ड्यांची वेगवेगळी. सबफ्रेमच्या चारही वॉशरचे टॉर्च मारून काढलेले फोटोही पाठवा, त्यावरून लोअर ब्रेस कुठल्या दोन बोल्टांत धरायचा ते मी काढून देतो.